शाळेच्या खिडक्या
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मी ज्या शाळेत अक्षरं गिरवली ती एका खोलीची होती. पहिली ते चौथी असे चारही वर्ग त्याच खोलीत, आणि गुरुजी एकच. खोलीला दार एक आणि खिडकी एक, तीही उंचावर. पावसाळ्यात आभाळ भरून आलं की पाटीवरचं दिसेनासं व्हायचं. मग गुरुजी पहिलीच्या पोरांना दाराशी बसवायचे, कारण त्यांना अक्षरं ओळखायची असत. आम्ही चौथीची मुलं मागं अंधारात बसून पाढे म्हणायचो. पाढ्यांना उजेड लागत नाही. घरी आम्ही दखनी बोलत होतो, मराठी शाळेत भेटली. त्या दाराशी बसून भेटली, असंच म्हणायला हवं.

हे सगळं परवा पुन्हा आठवलं ते काही फोटो पाहताना. फोटो अमेरिकेतल्या जुन्या शाळांचे होते. अलाबामा, जॉर्जिया, टेनेसी, व्हर्जिनिया या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या, कापसाच्या आणि तंबाखूच्या शेतांच्या कडेला असलेल्या. लाकडी फळ्यांच्या भिंती, उतरतं छप्पर, आत एक किंवा दोन खोल्या. काहींचा रंग उडालेला, काहींत वेली शिरलेल्या. बांधणी अगदी साधी. पण खिडक्या पाहून मी थबकलो. भिंतीच्या एका अंगाला एकमेकींना लागून उंचच उंच खिडक्यांची रांग. गरिबांच्या शाळेला एवढ्या खिडक्या कुणी दिल्या असतील?

या शाळा कृष्णवर्णीय मुलांसाठी बांधलेल्या होत्या. त्यांना 'रोझेनवाल्ड शाळा' म्हणतात. त्या कशा उभ्या राहिल्या, कशा ओस पडल्या आणि आज काही म्हातारी माणसं त्यांच्यासाठी का धडपडतात, हे आज तुम्हाला सांगायचं आहे.

अमेरिकेत गुलामगिरी होती तेव्हा दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणं हा कायद्यानं गुन्हा होता. मालकांची भीती खरी होती. वाचता येणारा माणूस वर्तमानपत्र वाचेल, नकाशा वाचेल, पळून जाण्याचा परवाना स्वतःच लिहील. १८६५ साली गुलामगिरी कायद्यानं संपली. तेव्हा सुटका झालेल्या लोकांनी जमिनीच्या बरोबरीनं जे मागितलं ते म्हणजे शाळा. आजोबा नातवाशेजारी बसून मुळाक्षरं शिकले. शाळा भरायची चर्चमध्ये, नाहीतर एखाद्या मोडक्या खोपटात.

पण पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत चित्र पालटलं. दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या हाती सत्ता परत गेली. कृष्णवर्णीयांचा मताधिकार नाना युक्त्यांनी काढून घेण्यात आला. १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य केलं. गोऱ्यांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी. वेगळेपण काटेकोरपणे पाळलं गेलं, समानतेचं नाव कुणी काढलं नाही. कर दोघांकडूनही घेतला जाई, पण तो खर्च होई गोऱ्या मुलांच्या शाळांवर. काळ्या मुलांच्या वाट्याला त्याचा लहानसा तुकडा येई. अनेक काउंट्यांत, म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्यासारख्या भागांत, कृष्णवर्णीयांसाठी सरकारी शाळेची म्हणावी अशी इमारतच नव्हती.

अशा काळात दोन माणसं एकत्र आली.

पहिला माणूस बुकर टी. वॉशिंग्टन. १८५६ साली व्हर्जिनियात गुलाम आईच्या पोटी जन्मला. मिठाच्या भट्टीवर आणि कोळशाच्या खाणीत काम करून शिकला, आणि १८८१ साली अलाबामातल्या टस्कीगी इथं त्यानं शिक्षणसंस्था सुरू केली. त्या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजल्या आणि स्वतःच्या इमारती बांधल्या. दुसरा माणूस ज्युलियस रोझेनवाल्ड. जर्मनीतून आलेल्या ज्यू कुटुंबातला, जन्म १८६२ चा, घरचा धंदा कपड्यांचा. पुढं तो शिकागोच्या सीअर्स, रोबक या कंपनीचा प्रमुख झाला. ही कंपनी छापील कॅटलॉग खेडोपाडी पाठवायची आणि लोकांनी मागवलेला माल डाकेनं घरपोच करायची. त्यातून रोझेनवाल्ड फार श्रीमंत झाला.

१९११ साली दोघांची शिकागोत भेट झाली. पुढच्या वर्षी रोझेनवाल्डला पन्नास वर्षं पूर्ण झाली. त्या वाढदिवसाला त्यानं अनेक संस्थांना मोठ्या देणग्या दिल्या, त्यात टस्कीगीला २५ हजार डॉलर दिले. वॉशिंग्टननं त्याला विचारलं, यातली थोडी रक्कम खेड्यांतल्या सहा लहान शाळा बांधायला वापरू का? रोझेनवाल्ड हो म्हणाला.

पहिली शाळा १९१३ साली टस्कीगीपासून जवळच, लोचापोका नावाच्या गावी पुरी झाली. खर्च आला ९४२ डॉलर. त्याचा हिशेब असा : रोझेनवाल्डचे ३००. परिसरातल्या गोऱ्या लोकांचे ३६०. गावातल्या कृष्णवर्णीयांनी रोख जमवले १५०. आणि त्यांनीच केलेली अंगमेहनत, तिची किंमत धरली १३२ डॉलर.

हा शेवटचा आकडा मी दोनदा वाचला. दोनशेहून अधिक वर्षं या लोकांनी गुलाम म्हणून शेतात राबून काढली. त्या राबण्याचा पै-पैशाचा हिशेब कधी त्यांच्या नावावर मांडला गेला नाही. इथं मात्र शाळेच्या जमाखर्चात त्यांच्या हातांच्या कामासमोर एक रक्कम लिहिली गेली. ही मेहनत तुमची आणि म्हणून ही शाळाही तुमची, असं त्या कागदानं सांगितलं.

रोझेनवाल्डनं पुढंही हीच रीत ठेवली. पूर्ण शाळा तो कधीच बांधून देत नसे. एक हिस्सा तो देई. उरलेला गावानं आणि सरकारनं मिळून उभा करायचा, आणि जमीन-इमारत सरकारी शिक्षणखात्याच्या नावे करून द्यायची, म्हणजे शाळा चालवायची जबाबदारी सरकारवर येईल. १९१४ साली त्यानं आणखी शंभर शाळांसाठी ३० हजार डॉलर दिले. १९१५ साली वॉशिंग्टन वारला, पण काम थांबलं नाही. १९१७ साली रोझेनवाल्डनं त्यासाठी स्वतंत्र निधी स्थापन केला.

आता गावानं हिस्सा उभा करायचा म्हणजे काय, ते बघा. ही माणसं बहुतेक वाटेकरी. जमीन गोऱ्या मालकाची, बी-बियाणं त्याच्या दुकानातून उधार, आणि पीक निघालं की हिशेबात कर्ज उरलेलंच. असल्या माणसांनी पैसा कुठून आणायचा? त्यांनी कोंबड्या आणि अंडी विकली. बायकांनी घरून जेवणाचे डबे करून आणायचे आणि त्यांचा लिलाव करायचा, असे कार्यक्रम चर्चमध्ये ठेवले. कुणी झाडं दिली, कुणी ती तोडून फळ्या पाडून दिल्या. काही ठिकाणी शेताचा एक तुकडा शाळेसाठी राखून ठेवत आणि त्यातला कापूस सगळे मिळून वेचत. त्या तुकड्याला लोक रोझेनवाल्डचंच नाव देत.

अलाबामातल्या बोलिजी या गावच्या एका सभेची हकिगत तिथं हजर असलेल्या शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्यानं लिहून ठेवली आहे. शाळेसाठी वर्गणी गोळा होत होती. गुलामगिरीचे दिवस पाहिलेला एक म्हातारा उठला. खिशातून त्यानं एक जुनी, तेलकट पिशवी काढली आणि टेबलावर उपडी केली. सगळी चिल्लर. मोजली तेव्हा ३८ डॉलर भरले. त्याची जन्माची कमाई होती ती. त्याचं म्हणणं एवढंच, की आपल्या नातवंडांच्या पोरांना तरी संधी मिळावी.

नातवंडांच्या पोरांना! आपण उद्याचा विचार करून थकतो. हा म्हातारा तीन पिढ्यांपुढचं बघत होता. आणि तो जे देत होता ते खरं तर दुसऱ्यांदा देत होता. कर त्यानं आधीच भरला होता, त्याच करात शाळा व्हायला हवी होती. तिथल्या इतिहासकारांनी याला दुहेरी कर म्हटलं आहे. औदार्याची गोष्ट म्हणून ही हकिगत सांगताना तिच्या पोटातला अन्याय विसरता येत नाही.

आता खिडक्यांकडे येतो. सुरुवातीच्या शाळांचे नकाशे टस्कीगीतच तयार झाले. ते काम ज्यांच्या हाती होतं ते वास्तुशिल्पी रॉबर्ट आर. टेलर. एमआयटी या नामांकित संस्थेतून १८९२ साली पदवी घेऊन बाहेर पडलेले ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. ज्या खेड्यांत वीज नाही आणि यायची लवकर शक्यताही नाही, तिथं मुलांनी वाचायचं कसं, हा प्रश्न त्यांच्यापुढं होता. पुढच्या काळात निधीनं छापलेल्या नकाशांतही हाच प्रश्न मध्यभागी राहिला. उत्तर असं, की इमारतीचं तोंड कुठंही असो, वर्गाच्या खिडक्या पूर्वेला किंवा पश्चिमेला याव्यात. त्या उंच असाव्यात आणि सलग असाव्यात. मुलं अशी बसावीत की उजेड डाव्या बाजूनं येईल, म्हणजे उजव्या हातानं लिहिताना हाताची सावली वहीवर पडणार नाही. आतल्या भिंती फिकट रंगाच्या, म्हणजे आलेला उजेड वाया जाणार नाही. दोन वर्गांमधली भिंत सरकवता येईल अशी, म्हणजे संध्याकाळी गावाची सभा भरेल. आवार निदान दोन एकर.

हाताची सावली वहीवर पडू नये, एवढा बारीक विचार कुणीतरी या मुलांसाठी केला होता. त्यांच्या वाट्याला आलेली पुस्तकं बहुधा गोऱ्या मुलांनी वापरून टाकलेली असत, पानं फाटलेली, आधीच्या मुलांची नावं लिहिलेली. अनेक विद्यार्थ्यांच्या आठवणींत हे येतं. बसगाडी गोऱ्या मुलांना घेऊन धुरळा उडवत जाई आणि ही मुलं मैलन् मैल चालत येत. थंडीत मोठी मुलं आधी येऊन शेगडी पेटवत. कापूस वेचणीला आला की निम्मी शाळा शेतात. पण वर्गात आल्यावर जो उजेड मिळे, तो उष्टा नव्हता. तो त्यांच्यासाठीच मोजून-मापून आत आणलेला होता.

अशाच एका शाळेत अलाबामातल्या वाटेकऱ्याचा एक मुलगा शिकला. कापसाच्या दिवसांत आईवडिलांना शेतावर त्याची गरज असे, पण तो घराच्या ओसरीखाली लपून बसे आणि शाळेची गाडी दिसली की पळत सुटे. त्याचं नाव जॉन लुईस. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बरोबरीनं नागरी हक्कांच्या चळवळीत त्यानं डोक्यावर लाठ्या खाल्ल्या आणि पुढं तीसहून अधिक वर्षं तो अमेरिकी काँग्रेसचा सदस्य होता. २०२० साली तो गेला. कवयित्री माया अँजेलो याही आर्कान्सातल्या रोझेनवाल्ड शाळेच्या विद्यार्थिनी.

१९३२ पर्यंत, म्हणजे रोझेनवाल्डच्या मृत्यूच्या वर्षापर्यंत, हे बांधकाम चाललं. पंधरा राज्यांत ४,९७७ शाळा झाल्या. शिक्षकांसाठी २१७ घरं आणि हातकाम शिकवण्यासाठी १६३ कार्यशाळा झाल्या. सहा लाखांहून अधिक मुलांना एका वेळी बसता येईल एवढी ही जागा. एकूण खर्च सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर. यातला मोठा भाग सरकारी करातून आला. रोझेनवाल्ड निधीचा वाटा सुमारे ४३ लाखांचा. आणि कृष्णवर्णीय लोकांनी दिलेली वर्गणी? सुमारे ४७ लाख. म्हणजे ज्या शाळांना आपण एका धनिकाच्या नावानं ओळखतो, त्यांच्यासाठी त्या धनिकापेक्षा गरिबांनी जास्त दिलं. आपलं नाव शाळांना द्यावं, असा रोझेनवाल्डचा आग्रह नव्हता. नाव पडलं ते लोकांच्या तोंडून.

याचा उपयोग किती झाला? डॅनियल अ‍ॅरन्सन आणि भास्कर मजुमदार या दोन अर्थतज्ज्ञांनी २०११ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दोन महायुद्धांच्या दरम्यान दक्षिणेतल्या गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शिक्षणातलं अंतर झपाट्यानं कमी झालं होतं. खेड्यांतल्या कृष्णवर्णीयांच्या या प्रगतीतला बराच मोठा भाग या शाळांमुळे घडला, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

या कामावर टीकाही झाली आहे आणि तीही सांगितली पाहिजे. वॉशिंग्टन यांनी हातकामाच्या शिक्षणावर भर दिला आणि राजकीय हक्कांचा आग्रह मागे ठेवला, म्हणून डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्यासारख्या विचारवंतानं त्यांना विरोध केला. रोझेनवाल्डच्या शाळांनीही वेगळेपणाच्या भिंतीला हात लावला नाही. भिंतीच्या आत राहूनच त्यांनी खिडक्या काढल्या. यात काही चुकलं का? चुकलं असेलही. पण ज्या आईला आपलं पोर याच वर्षी शाळेत घालायचं होतं, तिला भिंत पडेपर्यंत थांबायला सांगणं मला जमलं नसतं.

मी कविता लिहिणारा माणूस, म्हणून एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. हाच निधी लेखक-कलावंतांनाही पाठ्यवृत्ती देत असे. कवी लँग्स्टन ह्यूज यांना १९३१ साली अशी मदत मिळाली, आणि ते दक्षिणेतल्या शाळा-कॉलेजांतून आपल्या कविता वाचत हिंडले. शाळा बांधणाऱ्यांना कवितेचीही आठवण राहिली होती.

१९५४ साली सर्वोच्च न्यायालयानं शाळांमधलं वेगळेपण घटनाबाह्य ठरवलं. ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस आला. दक्षिणेतल्या राज्यकर्त्यांनी निकालाची अंमलबजावणी जमेल तितकी लांबवली, पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत एकत्र शाळा सुरू झाल्या. आणि मग एक विपरीत गोष्ट घडली. एकत्रीकरण म्हणजे बहुतेक ठिकाणी काळ्यांची शाळा बंद करून त्यांच्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पाठवणं. हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. आणि इमारती? त्या तर अटीप्रमाणे सरकारच्या नावे होत्या. काही विकल्या, काही पाडल्या, काही नुसत्या सोडून दिल्या. ज्यांच्या बापांनी कोंबड्या विकून त्या उभ्या केल्या, त्यांना कुणी विचारलं नाही. टेक्सासमधल्या वेस्ट कोलंबिया गावाजवळची १९२१ ची शाळा पुढं गवत साठवण्याचं कोठार झाली.

मला या विषयात खरा प्रश्न इथं दिसतो. या इमारती जपायच्या कशासाठी? त्या तर वेगळेपणाच्या काळाची आठवण आहेत. ज्या अपमानातून सुटलो, त्याची खूण कशाला ठेवायची? हा प्रश्न तिथंही विचारला गेला असणार. पण ज्यांनी या शाळा वाचवायला सुरुवात केली, ते बहुतेक त्याच शाळांचे माजी विद्यार्थी होते.

जॉर्जियातल्या कॅसव्हिलची नोबल हिल शाळा बघा. १९२३ ची. त्या राज्याच्या वायव्य भागात रोझेनवाल्ड निधीतून झालेली पहिली शाळा. १९५५ साली बंद पडली. तिथं शिकलेल्या सूझी वीम्स व्हीलर पुढं शिक्षिका झाल्या. त्यांच्या पुढाकारानं गावकऱ्यांनी पडीक इमारत दुरुस्त केली आणि १९८९ साली तिथं कृष्णवर्णीयांच्या जीवनाचं संग्रहालय उघडलं. व्हर्जिनियातली स्क्रॅबल शाळा १९६० च्या दशकात बंद पडली होती. ती दुरुस्त होऊन २००९ साली उघडली. तेव्हा तिथं ज्येष्ठ नागरिकांचं केंद्र सुरू झालं आणि शाळेचा इतिहास सांगणारं दालनही. त्याच वर्षी टेक्सासचं ते गवताचं कोठार मूळ जागेवरून हलवून, पुन्हा शाळेसारखं सजवून लोकांना खुलं केलं गेलं.

अशा तुकड्या-तुकड्यांनी चाललेल्या कामाला २००२ साली मोठा आधार मिळाला. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी काम करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेनं देशातल्या सर्वाधिक धोक्यात असलेल्या अकरा ठिकाणांची यादी त्या वर्षी जाहीर केली, तीत सगळ्या रोझेनवाल्ड शाळा एकत्रित घातल्या. मग शोध सुरू झाला. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात निधीची जुनी दप्तरं आणि बांधकामाच्या वेळचे फोटो होते. ते हातात घेऊन लोक रस्तोरस्ती फिरले. कधी शाळेचं घर झालेलं, कधी चर्चचं सभागृह, कधी फक्त पायाचे दगड. ती लांब खिडक्यांची रांग हीच ओळखीची खूण. पाच हजारांपैकी सुमारे पाचशे इमारती आज उरल्या असाव्यात असा अंदाज आहे, आणि त्यातल्या निम्म्याच सुस्थितीत आहेत.

उरलेल्यांचंही निभावलं असं नाही. व्हर्जिनियातल्या कंबरलँड काउंटीत पाइन ग्रोव्ह नावाची १९१७ ची दोन खोल्यांची शाळा आहे. १९६४ साली बंद झाली. २०१८ साली कळलं की त्या शाळेच्या अगदी शेजारी शेकडो एकरांवर कचरा टाकण्याची मोठी जागा होऊ घातली आहे. तिथं शिकलेले लोक आता सत्तरी-ऐंशीत होते. ते एकत्र आले, त्यांनी आठवणी लिहून काढल्या, सभांना गेले. २०२१ साली त्या एका लहान शाळेचं नाव नॅशनल ट्रस्टच्या धोक्यातल्या अकरा ठिकाणांत आलं. आणि त्याच वर्षी जानेवारीत एका कायद्यावर सही झाली. रोझेनवाल्ड आणि या शाळांची आठवण सांगणारं राष्ट्रीय उद्यान करता येईल का, याचा सरकारनं अभ्यास करावा, असं तो कायदा सांगतो.

तर, कशासाठी जपायच्या? मी त्या म्हाताऱ्याच्या तेलकट पिशवीकडे परत जातो. त्याला त्या सभेत कुणी पावती दिली असेल की नाही, मला माहीत नाही. पण गावात उभी राहिलेली शाळा हीच त्याची पावती होती. घराण्याला मानमरातब नाही, नावावर जमीन नाही, स्मशानात कोरीव दगड नाही, अशा माणसानं जन्माची कमाई कुठं ठेवली याचा तेवढाच पुरावा. ती इमारत पडली की पुढच्या पिढीला आपण म्हणणार, तुमच्या आजोबांकडे काहीच नव्हतं. तिथं जी म्हातारी माणसं फळ्या बदलतात, खिडक्यांना नव्या काचा बसवतात, ती वेगळेपण जपत नाहीत. आपल्या आईबापांनी काय दिलं, ते कुणी नाकारू नये म्हणून ती पावती सांभाळतात.

आमच्या घरी दादी एक शब्द वापरायची, सदका-ए-जारिया. म्हणजे वाहतं दान. विहीर, झाड, विद्या, देणारा गेल्यावरही जे चालू राहतं ते. रोझेनवाल्डचं मत असं होतं की कुठलाही निधी कायमचा ठेवू नये, ज्या पिढीची गरज त्या पिढीसाठी खर्चावा. म्हणून त्याचा निधी १९४८ साली पैसे संपवून बंद झाला. तिजोरी रिकामी झाली, पण दान वाहत राहिलं.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. आपल्या शूद्र बांधवांची सुटका करण्याच्या कामी हे उदाहरण आपल्याही लोकांनी घ्यावं, अशी आशा त्यांनी त्यात धरली होती. तेव्हा तिकडच्या शाळांची गोष्ट मराठी माणसाला अगदीच परकी नाही. जोतिबांनी ज्यांच्या सुटकेचं कौतुक केलं, त्यांनी सुटका झाल्यावर आपल्या लेकरांसाठी काय बांधलं, ते आपल्याला ठाऊक असायला हवं.

जाता जाता माझ्या शाळेचं सांगतो. ती आता नाही. तिच्या जागी सिमेंटची, मोठ्या खिडक्यांची इमारत आहे आणि त्याचा मला आनंदच आहे. जुनी पाडली तेव्हा वासे लिलावात गेले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी दादी एकदा सहज बोलून गेली, की त्यातला मधला वासा दर्ग्यामागच्या लिंबाचा होता आणि गावातल्या बायकांनी सुतारांना आळीपाळीनं भाकरी पोचवल्या होत्या. तीही त्यात होती. मी विचारलं, आणखी कोण कोण होतं? तिला दोन-तीन नावं आठवली, बाकीची नाहीत. आता दादीही नाही.

तुमच्या गावची पहिली शाळा कुणी बांधली, जागा कुणी दिली, माती कुणी वाहिली, हे सांगणारं एखादं माणूस अजून असेल. या आठवड्यात त्याच्याकडे जा. वही-पेन घेऊन जा.